एका पानाचं पुस्तक

रेघ लाल शाईची होती आणि इतकी दाबून ओढलेली, की पान उलटलं तरी मागून बोटाला लागत होती. फर्मेवालीने त्या उंचवट्यावरून अंगठा दोनदा फिरवला. कागदावर कुठे जोर पडलाय हे तिच्या डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील कागदाच्या घड्या, म्हणजे फर्मे, क्रमाने एकावर एक जुळवण्यात तिची अठरा वर्षं गेली होती, आणि हे नावही तिला त्या कामानेच दिलं होतं.

रेघेखाली शेरा होता. 'हे तुझे शब्द नाहीत. पालकांनी उद्या दहा वाजता भेटावे.' त्याखाली सही. सहीचं शेवटचं अक्षर मांजराच्या शेपटीसारखं वर वळलेलं.

ती शेपटी फर्मेवालीने डोळे मिटूनही ओळखली असती.

"कधी दिली वही?"

"शेवटच्या तासाला." तिची मुलगी बूट न काढताच दारात उभी होती. "मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, कुणी लिहून दिलं?"

"मग? काय म्हणालीस?"

"काहीच नाही. तू म्हणाली होतीस ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

मुलीने बूट काढले, दप्तर खुंटीला लावलं आणि भूक नाहीये म्हणून सांगावं तितक्या सहज सांगितलं, "आई, मी आता लिहिणार नाही."

"अगं, असं काय करतेस?"

"नाहीच लिहिणार. शाळेतलं लिहीन. आपलं नाही."

आपलं म्हणजे काय, ते त्या दोघींनाच ठाऊक होतं.

मुलीला घरात खारू म्हणत. पाचवीतली पोर, पण कागदाचे कपटे लपवायची खोड अगदी खारीची. उशीच्या अभ्र्यात, पावसाळी बुटांत, बाबांच्या स्क्रूच्या डबीत, कुठेही हात घाला, लिहिलेली पट्टी निघायची. या पट्ट्या आई कारखान्यातून आणायची. पुस्तक शिवून झालं की कटिंगच्या मशीनखाली त्याच्या तीन कडा छाटतात, आणि कधीकधी तीन बोटं रुंदीचा कोरा कागद खाली पडतो. तो रद्दीत जायचा. फर्मेवालीने एकदा त्याची जुडी बांधून घरी आणली. आख्खं पान समोर आलं की लहान पोर बिचकतं; पट्टीभर कागदाला कोण घाबरतं?

रोज संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून भाजी चिरायची आणि खारू पालथ्या पत्र्याच्या डब्यावर बसून पट्टीवर लिहायची. चार ओळी झाल्या की वाचून दाखवायची. "आज वर्गात कावळा आला." आई मान न वळवता म्हणायची, "मग?" खारू विचार करायची. "मग तो फळ्यावर बसला." "मग?" "मग बाई म्हणाल्या कुणी हलू नका, आणि फक्त बाईच हलल्या." आई हसायची, खारू पळत जाऊन ते लिहायची. शुद्धलेखन कुणी तपासत नसे. लाल पेन त्या घरात नव्हतंच. एक 'मग' होता, आणि पुढे कितीही वेळ थांबायची तयारी.

हे सगळं मायेनं चालायचं, यात खोट काही नाही. पण मायेखाली आणखी एक आच होती आणि ती बावीस वर्षं विझली नव्हती. घराजवळच्या दोन शाळा सोडून फर्मेवालीने खारूला ज्या शाळेत घातलं, ती तिची स्वतःची शाळा होती. प्रवेशाच्या दिवशी मोठ्या बाईंनी अर्जावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं आणि गोड हसून विचारलं, "नवीन पालक ना तुम्ही?" तेव्हा फर्मेवालीही हसली होती. म्हणाली होती, "हो बाई, नवीनच." आणि मनात म्हणाली होती, थांबा जरा. माझी पोर लिहील. तुमच्याच शाळेत, तुमच्याच नाकासमोर, असं लिहील की तुम्हाला मी आठवेन.

बावीस वर्षांपूर्वी, सातवीत, विषय होता 'आमच्या घरातली एक वस्तू'. मोठ्या बाई तेव्हा नुसत्या बाई होत्या, केस काळेभोर. फर्मेवालीची आई लोकांचे कपडे उसवून लहानमोठे करून द्यायची. पोरीने आईच्या कात्रीवर लिहिलं. कात्रीच्या मुठीला आईच्या अंगठ्याचा खळगा पडला होता आणि आईच्या अंगठ्याला कात्रीच्या मुठीचा. तिने शेवटी लिहिलं, 'वापरून वापरून कात्री आईसारखी झाली आणि आई कात्रीसारखी.' लिहून झाल्यावर तिला स्वतःलाच जरा भीती वाटली होती, इतकं ते चांगलं झालं होतं.

पान परत आलं ते 'कुठून उतरवलेस?' असा शेरा घेऊन. बाईंनी तिला फळ्याशी नेलं, हातात खडू दिला, "असंच आणखी एक वाक्य लिही बघू" म्हणाल्या. चाळीस पोरं बघत होती. हात वर गेला तो तसाच राहिला. "पाहिलंत?" बाई वर्गाला म्हणाल्या, आणि पुढचा धडा सुरू केला.

पण तेही एक वेळ गिळलं असतं. गिळलं गेलं नाही ते दुसऱ्या दिवसाचं. आईला शाळेत बोलावलं. आईला वाचता येत नव्हतं. ती काम टाकून धावत आली, कात्री कमरेला तशीच. प्रकरण काय आहे हेही तिने विचारलं नाही. हात जोडून एवढंच म्हणाली, "चुकलं असेल बाई पोरीचं. एवढ्या वेळेला माफ करा."

त्यानंतर फर्मेवालीने मनची अशी एक ओळही कधी लिहिली नाही. दहावीनंतर ती कारखान्यात लागली. शिकाऊ म्हणून पहिलं पुस्तक स्वतःच्या हाताने बांधायला दिलं, तेव्हा तिने ते शेरा मारलेलं पान नेलं. एकाच पानाला जाड पुठ्ठे, पाठीला निळं कापड. शिवणकाका, तिथला शिलाईचा म्हातारा कारागीर, हसून हसून खोकला होता. "अगं, एका पानाचं पुस्तक? वाचणार कोण हे?" ती म्हणाली होती, "आहे एक जण."

आणि आता मोठ्या बाईंनी पाचवीला विषय दिला होता 'आमच्या घरातली एक वस्तू'. बावीस वर्षांत विषयही बदलला नव्हता. चांगले निबंध शाळेच्या वार्षिक अंकात छापून येणार होते, आणि अंक बांधायला फर्मेवालीच्याच कारखान्यात यायचा.

खारूने वस्तू निवडली ती आईची घडीची पट्टी. हाडाची, बोटभर रुंद, एका टोकाला निमुळती. कागदाची घडी दाबून पक्की करायची. जुनी झाली म्हणून आईने घरी आणलेली. खारूने शेवटी लिहिलं होतं, 'पट्टीला आईच्या हाताचा वास येतो. मी ती गालाला लावते. संपलं.'

परवा सकाळी, डबे भरण्याच्या घाईत, फर्मेवालीने ते वाचलं आणि तिला ते पुरेना. गालाला लावते म्हणे. एवढ्याशाने काय होणार? बावीस वर्षांचं काय होणार?

"खारू, पेन्सिल घे. 'संपलं' खोड आणि त्याच्या जागी मी सांगते ते लिही. वापरून वापरून पट्टी आईसारखी झाली आणि आई पट्टीसारखी."

खारूने पेन्सिल दातात धरली. "पण तू पट्टीसारखी कुठे आहेस? पट्टी टणक आहे."

"लिही गं."

"तू मऊ आहेस."

"बस निघून जाईल. लिही. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नकोस."

खारूने लिहिलं. 'संपलं' मात्र खोडलं नाही, सगळ्यात खाली पुन्हा लिहिलं.

---

"म्हणजे बाई बरोबर आहेत," नवरा म्हणाला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी येऊन हाताचं ग्रीस घासत मोरीत उभा होता. "वाक्य तिचं नाहीच आहे."

"या वेळी बरोबर आहेत."

"अगं, पण उद्या तू जाणार ते याच वेळेसाठी ना?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला एक कळतं. लिफ्ट अडकली की माणसं सगळी बटणं दाबतात. एकदम. मग मी जातो तेव्हा ती प्रत्येक मजल्यावर थांबते." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "भांडायला जातेयस की पोरीला सोडवायला? एक काय ते ठरव."

"दोन्ही."

"बघ बुवा. एका फेरीत दोन्ही होत असेल तर."

खारू कोपऱ्यात गणितं करत होती. पालथा डबा ओट्याखाली तसाच होता. जेवणं होईपर्यंत कुणी त्यावर बसलं नाही.

सकाळी फर्मेवालीने ठेवणीतले कपडे घातले, केस पाण्याने चापून बसवले, आणि निळ्या कापडाचं ते पुस्तक पिशवीत टाकलं. रस्ताभर ती मनातल्या मनात घोकत होती. आधी बाईंना बोलू द्यायचं. लहान मूल असं लिहूच शकत नाही, हे त्यांच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायचं. मग पुस्तक टेबलावर आपटायचं. हे बघा. हे मी लिहिलं होतं, बाराव्या वर्षी. मी चोर नव्हते. माझी आई तुमच्यापुढे हात जोडून उभी राहिली ती फुकट. तेव्हा बाईंचा चेहरा कसा होईल, हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की आता तो फक्त समोर यायचा बाकी होता.

खोली तीच होती. टेबलावर काच नवी आली होती, पालकांची खुर्ची अजून बाईंच्या खुर्चीपेक्षा वीतभर बुटकी होती. फर्मेवाली बसली नाही. खारू तिच्या बाजूला, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून.

"बसा ना. मी रागावून नाही बोलावलं," मोठ्या बाई म्हणाल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "मुलगी चांगली आहे. निबंधही चांगला आहे. पण हे एक वाक्य तिचं नाही. माझं आयुष्य वह्या तपासण्यात गेलंय, मूल असं लिहीत नाही."

"मूल लिहीत नाही?"

"नाही."

हेच हवं होतं. हात पिशवीत गेला, निळं कापड बोटांना लागलं. आणि तिथेच फर्मेवाली थबकली. या पानाने आई सुटत होती आणि पोर अडकत होती. वाक्य बावीस वर्षं जुनं आहे हे दाखवलं, की ते खारूचं नाही हेही दाखवलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती, कारण इतक्या वर्षांत त्या खोलीत तिने स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाला उभं केलंच नव्हतं.

बाई खारूकडे वळल्या. "तूच सांग बाळ. कुणाचं वाक्य आहे हे?"

खारूने आईकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"माझं," ती म्हणाली.

फर्मेवालीला कमरेला कात्री लावलेली आपली आई दिसली. याच जागी. न केलेलं अंगावर घेताना तिचाही आवाज असाच बसला होता.

"खोटं बोलतेय ती," फर्मेवाली म्हणाली. "माझ्यासाठी बोलतेय. वाक्य माझं आहे. मी घुसवलं."

"मला वाटलंच होतं." बाईंनी चष्मा काढला. "पालक असंच करतात. मुलांना पुढे ढकलायचं म्हणून—"

"माझं बोलणं संपलं नाही, बाई." तिने पुस्तक काढलं आणि आपटलं नाही, काचेवर ठेवून त्यांच्याकडे वळवलं. "उघडा."

बाईंनी पुठ्ठा उघडला. पिवळं पडलेलं पान. कात्री, अंगठा, आई. खाली लाल शेरा आणि मांजराची शेपटी. त्यांनी चष्मा परत लावला. वाचून झाल्यावर त्यांनी बोट सहीवर ठेवलं.

"ही माझी सही आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू... तुम्ही इथल्या विद्यार्थिनी?"

"सातवीपर्यंत होते. पुढची तीन वर्षं नुसती बसायला येत होते."

"मला आठवत नाही." त्या खरंच आठवून पाहत होत्या, आणि तेच फर्मेवालीला सहन होईना. बावीस वर्षं तिने ज्या चेहऱ्याशी भांडण केलं, त्या चेहऱ्याला पत्ताच नव्हता. "हजारो वह्या झाल्या हो हाताखालून."

"तुमच्या हजारो झाल्या, बाई. माझी ती एकच होती."

खारूने आईच्या ओढणीचा शेव धरला. फर्मेवाली खाली वाकली, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला आली. या खोलीत कुणाची माफी मागायची नाही अशी शपथ घेऊन ती आली होती.

"खारू, चुकलं माझं. तुझ्या निबंधात मी माझं भांडण घातलं. मला माफ कर."

"मला ते वाक्य पटलंच नव्हतं," खारू म्हणाली. मोठ्याने. बाईंनाही ऐकू जाईल असं. "आई टणक नाहीये."

फर्मेवाली उभी राहिली. "माफी मागितली ती हिची. तुमची नाही. आता तुम्ही एक करा. त्या शेऱ्याखाली लिहा, हे तिचेच होते. तारीख घाला. सही करा."

बाईंचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला.

"लाल नको."

हात थांबला. बाईंनी पेन खाली ठेवलं, पुस्तक हलकेच मिटलं. "नाही लिहू शकत मी. मला तो दिवस आठवत नाही. आठवत नसताना लिहून दिलं तर ते खोटं होईल."

"तेव्हा काय पाहून लिहिलं होतंत?"

मोठ्या बाईंनी मिटलेलं पुस्तक तिच्याकडे परत सारलं. फर्मेवालीने टेबलावरची पेन्सिल उचलली, खारूच्या वहीतलं ते वाक्य, लाल रेघेसकट, आडवं खोडलं, आणि वही पुढे सारली.

"आता?"

"बाकीचं तिचं आहे?"

"तिला विचारा. मी घरी चुकले ते चुकले, तुम्ही तरी तिला विचारा."

"बाकीचं माझं आहे," खारू म्हणाली. "दोन्ही 'संपलं' पण माझंच आहे."

"एक काढ मग," बाई म्हणाल्या, आणि निबंध अंकाच्या गठ्ठ्यात ठेवला.

---

पाच आठवडे खारूने कागदाच्या पट्टीवर एक अक्षर लिहिलं नाही. फर्मेवाली भाजी चिरताना "मग?" म्हणून पाहायची. खारू म्हणायची, "मग काही नाही." जुडीतल्या पट्ट्या कोऱ्याच राहिल्या. पोरीवर रागावण्याची सोय नव्हती, म्हणून सगळा राग पुन्हा जुन्या पत्त्यावर जाऊ लागला. एकदा त्या बाईने माझ्या आईचं तोंड बंद केलं, आता तिच्या नातीचं. आणि आठवत नाही म्हणते.

वार्षिक अंकाचे छापील ताव आले तेव्हा शिवणकाका म्हणाला, "तुझ्या बाईंचा लेख आहे गं यात. फोटोबिटो."

लेखाचं नाव होतं 'मुले घरी लिहिती कशी होतील? पालकांसाठी दहा सूचना'. फर्मेवालीने उभ्याउभ्या वाचला. सूचना पहिली, मुलांवर विश्वास ठेवा. सूचना चौथी, चार लोकांत मुलाच्या लेखनाची खोट काढू नका. ती हसली, आणि ते हसणं पाहून शिवणकाकाने सुई बाजूला ठेवली.

"काय डोक्यात आहे?"

"दुसरा फर्मा उलटा लावला तर? सहाशे प्रतींत? बाई डोक्यावर उभ्या."

"कामाला लागलीस त्या पहिल्या आठवड्यात केलं होतंस तू तसं. चुकून. मालकांनी सगळ्या प्रती उसवायला लावल्या होत्या."

"या वेळी चुकून नाही."

"बघ हो. तुझ्या पोरीचं कुठल्या पानावर आहे?"

तिने पाहिलं. बाई पान एकोणीस, खारू पान सव्वीस. एकच ताव, एकच घडी. बाईंना उलटं टांगायचं तर पोरही शेजारी उलटी टांगली जात होती. तिने ताव खाली ठेवला आणि मालकांनाही ऐकवता येणार नाही अशी एक शिवी हासडली.

"मोठ्या बाईंची प्रत वेगळी आहे," शिवणकाका सुई ओवत सहज बोलल्यासारखा बोलला. "कापडी. हाताने शिवायची. समारंभात द्यायची आहे त्यांना. माझे डोळे आताशा दुखतात. तू घेतेस?"

तिने घेतली. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती एकटी बसली. पिशवीतून निळं पुस्तक काढलं आणि पात्याने ते पान पुठ्ठ्यांपासून सोडवलं. अठरा वर्षं बसलेलं पान, निघताना चिकट आवाज आला. एकट्या सुट्या पानाला शिवण धरत नाही. त्याच्या कडेला कागदाची चिंचोळी पट्टी चिकटवून तिला घडी द्यावी लागते, आणि ती घडी फर्म्याच्या पोटात घालून सगळं एकत्र शिवावं लागतं. तिने तसं केलं. कडा छाटताना शेरा कापला जाऊ नये म्हणून पान दोन बोटं आत घेतलं. दोरा दुहेरी घेतला, मेण लावलं, प्रत्येक टाक्याला गाठ दिली. एकोणिसाव्या पानासमोर, 'मुलांवर विश्वास ठेवा'च्या नाकासमोर, आता कात्री, अंगठा, आई, आणि लाल शेरा. ते उपटायला जावं तर बाईंचा स्वतःचा लेखही सुटून हातात येईल.

"पक्की झाली?" जेवून आलेल्या शिवणकाकाने विचारलं.

"जन्माची."

समारंभ दुपारचा होता. पालक मागच्या रांगांत. खारूने व्यासपीठावर निबंध वाचला, हात मागे बांधून, न अडखळता. "पट्टीला आईच्या हाताचा वास येतो. मी ती गालाला लावते. संपलं." 'संपलं'ला लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. फर्मेवालीने टाळी वाजवली नाही. तिने दोन्ही तळवे एकदा नाकाशी नेले. खळीचा आंबूस वास. एवढं पुरलं असतं. डबे भरण्याच्या घाईतल्या त्या सकाळीही एवढं पुरलं असतं.

मग बाईंना कापडी प्रत दिली. त्या खुर्चीत बसून चाळू लागल्या. पहिली पानं. फोटो. आणि हात थांबला. त्यांनी बोट शिवणीवरून वरून खाली फिरवलं, अगदी सावकाश. मान वर करून पालकांच्या रांगांमधून काहीतरी शोधू लागल्या. फर्मेवाली खुर्चीतून उठून उभी राहिली, सापडायला सोपं जावं म्हणून. दोघींची नजर भिडली. या वेळी ओळख पटली होती. ती पटल्याचं लांबूनही दिसलं. खाली बघितलं ते बाईंनी.

दुसऱ्या दिवशी खारू घरी आली ती निरोप घेऊनच. "मोठ्या बाईंनी विचारलं, तुझ्या आईने बांधलं का माझं पुस्तक? मी हो म्हणाले. तर म्हणाल्या, आईला सांग, शिवण फार पक्की आहे."

"म्हणजे ओढून पाहिलं," फर्मेवाली म्हणाली. आणि कांदा चिरता चिरता तिला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते बघायची गरज पडली नाही.

पण बरं वाटणं कांदा संपेपर्यंतच टिकलं. फळीवर निळं पुस्तक होतं आणि त्यात काही नव्हतं. इतकी वर्षं रात्रंदिवस राखलेली वस्तू आता त्यांच्याच कपाटात जाऊन बसली होती, आणि इथे राहिले होते दोन पुठ्ठे.

खारूने ते खाली काढले, उघडमीट करून पाहिले. "यातलं पान कुठेय?"

"दिलं बाईंना."

"त्यावर काय होतं? मला पूर्ण कुठे वाचू दिलंस."

"तुझ्या आजीची कात्री होती."

"मग?"

सुरी थांबली. खारू पालथ्या डब्यावर बसली होती. पाच आठवड्यांनी.

"मग... तिला वाचता येत नव्हतं. तिला शाळेत बोलावलं. कात्री कमरेला तशीच लावून आली."

"मग?"

"मग हात जोडले तिने."

"का?"

"माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. मला राग आला होता तिचा." हे वाक्य तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. "बाईंच्या आधी तिचा आला होता."

घाई खारूला कुणी शिकवलीच नव्हती. तिने जुडीतून एक कोरी पट्टी ओढली, पुठ्ठा मांडीवर आडवा घेतला, त्यावर पट्टी ठेवली आणि पेन्सिल ओली केली.

"काय लिहितेस?"

"दाखवणार नाही."

"बरं."

फर्मेवालीने पाठ फिरवली आणि आणखी एक कांदा घेतला, नको असताना. मागे पेन्सिल चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. मान वळवावीशी वाटली तेव्हा तिने नळ सोडला आणि स्वच्छच असलेलं भांडं घासायला घेतलं.